सुताराच्या दुकानात हवा कशी आली

नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडसारख्या गावात फर्निचरचे छोटे दुकान चालवणारा कारागीर एअर कॉम्प्रेसर घ्यायला निघाला की त्याच्या कानावर दोनच प्रश्न पडतात: मोटर किती एचपीची आणि टाकी किती लिटरची? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्या धंद्याचे आहेत. आपल्याकडे बहुतेकांनी कॉम्प्रेसर पहिल्यांदा पाहिला तो पंक्चरच्या दुकानात. ट्यूब भरायला अर्धा मिनिट हवा लागते, मग पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत टाकी सावकाश भरते. तिथे दाब आणि साठा पाहिला की काम भागते. सुताराची गरज वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे कळायला त्याच्या दुकानात हवा कोणत्या कामाने आणली, हे पाहावे लागते. माझे म्हणणे असे की तिला लाकडाने आणले नाही, पॉलिशने आणले. म्हणून यंत्राचे मापही पॉलिशच्या कामावरूनच ठरले पाहिजे.

बलुतेदारीच्या गावगाड्यात हवेचा मालक लोहार होता. भाता त्याचा. सुताराकडे वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे. या सगळ्यांना ताकद मनगटाची. दोघांची गाठ पडे ती बैलगाडीच्या चाकाशी. तुंब्यात आरे ठोकून त्यांवर पाठे बसवायचे काम सुताराचे. त्याभोवतीची लोखंडी धाव तापवून चढवायला मात्र भाता लागे. धाव लाल झाली की ती फुगते, चाकावर बसते, पाणी ओतले की आकसून सारे सांधे आवळते. त्या आवळण्यामागे लोहाराच्या भात्याचा वारा असे. म्हणजे सुताराच्या कामाला हवा लागत होती, पण ती शेजारच्या लोहारसाळेतून येई.

रेल्वेने यात फारसा फरक केला नाही. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची मीटरगेज वाट विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाडपर्यंत पोचली. पुढे मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला जाणारा फाटा निघाला आणि मुदखेड जंक्शन झाले. हा फाटा सागवानाच्या मुलखातून जातो, आणि सागवान हाताशी असेल तर सुताराला खिळ्याचीही फारशी गरज नसते. भोक पाडायचे, कुसू घालायचे, पाचर मारायची. चौकट पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. दाबलेली हवा जगात तेव्हा नवी नव्हती. आल्प्समधल्या माँ सेनीच्या बोगद्यात 1861पासून अभियंते सोमेये यांची हवेवरची छिद्रयंत्रे खडक फोडत होती. आपल्या रेल्वेगाड्यांत मात्र अनेक दशके व्हॅक्यूम ब्रेक होते, म्हणजे तिथेही हवा भरण्याऐवजी काढून घेण्याचीच विद्या. सुताराच्या पोटावर पाय आला तो दुसरीकडून. 1910मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि तिथल्या लोखंडी नांगराने लाकडी नांगराचे काम हळूहळू काढून घेतले. त्याच किर्लोस्कर घराण्याने 1958मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कॉम्प्रेसरची कंपनी काढली. नांगर, तिफण, गाडी हातची गेली तसा सुतार शेताकडून घराकडे, दार-खिडकी-कपाटाकडे वळला, हे मला या इतिहासातले खरे वळण वाटते.

घरातल्या वस्तूला झळाळी लागते. ती पूर्वी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने हात फिरवत आणली जाई. काम सुंदर, पण दिवस खाणारे. तिकडे अमेरिकेत टोलेडोच्या डॉ. डीव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारायला केलेल्या पिचकारीपासून त्यांच्या मुलाने 1907मध्ये रंगाची स्प्रे गन तयार केली, आणि 1920नंतर मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. ते इतक्या झपाट्याने सुकते की बोळ्याने किंवा ब्रशने नीट लागतच नाही. ते फवारावेच लागते. इकडे लाकूडही बदलत गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने केंद्राच्या मंजुरीवाचून जंगलात चालणाऱ्या आरागिरण्यांसारख्या कामांवर टाच आली. प्लायवूड आणि एमडीएफचा जम बसला. प्लायला कुसू नसते. तिथे पट्टी चिकटवून बारीक पिन मारतात, आणि पिनगनही हवेवर चालते.

पण या दोन गनांची भूक सारखी नाही. 50 लिटरची टाकी आठ बारवरून सहा बारवर उतरली की बाहेर येते 100 लिटर मोकळी हवा. पिनगन एका ठोक्याला लिटरभराहूनही कमी हवा घेते, म्हणजे तेवढ्यात शंभरावर पिना सहज निघतात. मिनिटाला सहा घनफूट, म्हणजे सुमारे 170 लिटर, मागणारी स्प्रे गन तोच साठा जेमतेम 35 सेकंदांत संपवते. सात फुटी दाराची फळी अर्धी फवारून झाली आणि दाब पडला, तर लॅकर संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत बसते. तेव्हा विचारायचे ते असे: हे यंत्र चालू असताना, कामाच्या दाबाला, मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा देते? छोटे पिस्टन यंत्र दर एचपीमागे साधारण तीन ते चार घनफूट देते. माहितीपत्रकावर छापलेला आकडा पुष्कळदा पिस्टनच्या मापाचा असतो. हाती त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येते.

यावर कोणी म्हणेल, मग मोठी टाकी घ्यावी. मोठी टाकी दाब पडायची वेळ पुढे ढकलते, हवा निर्माण करत नाही. रिकामी झाली की भरायलाही तितकाच जास्त वेळ घेते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता बॅटरीवरची पिनगन मिळते, हाताचे पॉलिश अजून मेलेले नाही, मग हा खर्च कशाला? ज्या दुकानात महिन्याला दोन कपाटे होतात, तिथे हे मला मान्य आहे. तिथे कॉम्प्रेसर नकोच. पण रोज फवारणी असेल तर, घरगुती सिंगल फेज जोडणी आणि संध्याकाळी उतरणारा व्होल्टेज लक्षात घेता, पाच एचपीच्या मागे लागण्यापेक्षा तेलाच्या वंगणाचा, पट्ट्याचा दोन-तीन एचपीचा कॉम्प्रेसर आणि कमी हवा मागणारी गन ही जोडी घ्यावी. पट्ट्याचे यंत्र संथ फिरते, कमी तापते; नांदेडच्या बेचाळीस अंशांच्या मे महिन्यात याचे मोल कळते. बिघडले तर पंक्चरवाल्याचा मिस्त्रीही ते उघडू शकतो.

पावसाळ्यात दाबलेली हवा टाकीत निवते आणि तिच्यातले पाणी तळाशी साठते. ते गनमधून लॅकरवर उडाले की डाग पडतात. ओल्या हवेत फवारलेले लॅकर तर पांढुरके होते. नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लावावा, आणि रोज संध्याकाळी टाकीखालचा नळ उघडून पाणी सोडून द्यावे.