पुरंदरावरची 'शत्रूची' मुलं

आंबिवलीहून मी बोलतोय, आणि आजचा भाग एका शब्दापासून सुरू करतो. तो शब्द म्हणजे 'कॅम्प'. आमच्या भागात कॅम्प म्हटलं की उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराच्या बराकी होत्या, आणि १९४७ नंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबं आली. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच युद्धात महाराष्ट्रात आणखी एका प्रकारचे कॅम्प होते. तिथे हिटलरच्या तावडीतून निसटलेली ज्यू मुलं आईबापांसोबत राहत होती. आणि सरकारच्या वहीत त्यांची नोंद होती 'शत्रुदेशाचे नागरिक' अशी!

हे झालं कसं? जरा मागे जाऊ.

ऑगस्ट १९३८ मध्ये जर्मनीत एक फर्मान निघालं. ज्याच्या नावावरून तो ज्यू आहे हे कळत नाही, अशा प्रत्येक ज्यू पुरुषाने आपल्या नावापुढे 'इस्रायल' लावायचं आणि बाईने 'सारा'. ऑक्टोबरात पासपोर्टवर लाल 'जे'चा शिक्का आला. ९ नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनास्थळं पेटली, दुकानं फुटली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं. देश सोडून जायची कागदपत्रं दाखवली, तर त्यांतल्या अनेकांना सोडत होते. म्हणजे बघा, बापाचा जीव एका व्हिसावर टांगलेला.

त्या व्हिसाचा एक रस्ता मुंबईला येत होता. मुंबईत १९३४ मध्ये ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. ब्रिटिश सरकारची अट साधी आणि कडक : येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही याची हमी कुणीतरी द्यायची. ती हमी ही संस्था देऊ लागली. मध्य युरोपातून अशी साधारण हजारभर माणसं हिंदुस्थानात आली, त्यांत डॉक्टर, इंजिनिअर, कलावंत होते. आकाशवाणीची सकाळची धून आपण लहानपणापासून ऐकतो ना, ती करणारा वॉल्टर काउफमान हा चेकोस्लोव्हाकियातला ज्यू संगीतकार. तो तर १९३४ मध्येच मुंबईत आला होता.

आता यातली गंमत म्हणा, नाहीतर चटका लावणारी गोष्ट म्हणा. जर्मनीत 'इस्रायल' हे नाव कलंक म्हणून चिकटवलं जात होतं. आणि इकडे अलिबाग-पेणपासून ठाण्यापर्यंत एक समाज तेच नाव शतकानुशतकं आपलं म्हणून मिरवत होता. बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं. घरात मराठी बोलणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली'. ठाण्यातलं त्यांचं सिनेगॉग १८७९ सालचं. त्यांच्या इतिहासात शेजाऱ्यांनी केलेला छळ नाही. बर्लिनहून आलेल्या मुलाला हे ऐकून काय वाटलं असेल?

पण सुटका म्हणजे शेवट नव्हे. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि जर्मन पासपोर्टवाल्या पुरुषांची धरपकड सुरू झाली. नाझी कोण आणि नाझींपासून पळालेला कोण, हे बघायला वेळ कुणाला होता? दोघंही अहमदनगरच्या नजरकैद छावणीत. पुढे चौकशी समिती बसली, बरेच ज्यू सुटले. मग १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, संशय पुन्हा वाढला आणि अनेकांना पुन्हा आत टाकलं. यावेळी काही ठिकाणी कुटुंबासकट. त्यासाठी 'पॅरोल कॅम्प' काढले. त्यातला एक साताऱ्यात आणि दुसरा चक्क पुरंदर किल्ल्यावर.

होय, तोच पुरंदर. १६५७ मध्ये संभाजीराजे जिथे जन्मले तो. इंग्रजांनी तिथे गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम केलं होतं, त्याच वास्तूंत ही कुटुंबं राहिली. लाहोरात दवाखाना चालवणारं एक ज्यू डॉक्टर जोडपं लहान मुलीला घेऊन आधी पुरंदरला, मग साताऱ्याला असं काही वर्षं अडकून पडलं होतं. हा छळ नव्हता, हे स्वच्छ सांगायला हवं. उपासमार नव्हती, मुलं आईबापांजवळ होती. पण परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि आपण कुणाचे शत्रू हे मुलाला समजावून सांगणार कसं?

कागदाचा खेळ इथे संपत नाही. २५ नोव्हेंबर १९४१ ला जर्मनीने परदेशातल्या आपल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. बर्लिन म्हणतं, हे आमचे नाहीत. दिल्ली म्हणते, हे जर्मन आहेत. त्याच सुमारास, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित आले. बहुतेक कॅथलिक बायका आणि मुलं. सायबेरियातून हाल सोसून आलेली. त्यांना शाळा मिळाल्या, चर्च मिळालं, स्वतःची वसाहत मिळाली, आणि ते योग्यच झालं. पण फरक लक्षात घ्या. पोलंड दोस्तराष्ट्र होतं. दुःख दोघांचं खरं, वागणूक ठरली पासपोर्टवरून.

तरीही हिशेब सांगायचा तर एवढाच : युरोपात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, त्यांत अंदाजे १५ लाख मुलं. पुरंदरावरची मुलं त्या आकड्यात नाहीत. कुणीतरी मुंबईत बसून अनोळखी माणसासाठी हमीपत्रावर सही केली होती, म्हणून नाहीत.

पुरंदरला ट्रेकला जाणारे तुमच्यातले बरेच जण आहेत, मला माहीत आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा माचीवरच्या इंग्रजी अमदानीच्या इमारतींपाशी दोन मिनिटं थांबा. आपण तिथे बुरूज बघायला जातो, आणि बघायलाच हवेत. पण त्या भिंतींना मुरारबाजीच्या शौर्यासोबत हेही माहीत आहे, की एकेकाळी इथे काही मुलं कैदेत होती, आणि म्हणूनच नव्हे, पण तरीही, जिवंत होती.

भेटू पुढच्या भागात.