तारणधारक धनको (हुकूमनाम्यानंतरचे हक्क)

ज्याच्याकडे ऋणकोची मालमत्ता गहाण किंवा तारण आहे असा धनको. पैशाचा हुकूमनामा झाल्याने तारण सुटत नाही.

नागपुरात सदरला लागून असलेल्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी ‘दरखास्त’ दाखल होते. तिची मुदत 12 वर्षे. बिनतारणी धनको बेलीफ नेऊन जप्ती करू शकतो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (1908) कलम 60 मुळे स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही. हुकूमनामे अनेक असतील तर कलम 73 प्रमाणे वसुलीची प्रमाणशीर वाटणी होते. तारणधारक या रांगेत उभाच राहत नाही. गहाण कायम ठेवून घर विकले गेले, तर बोजा खरेदीदाराच्या माथी जातो. तारणधारकाच्या संमतीने बोजामुक्त विक्री झाली, तर त्याचा हक्क विक्रीच्या रकमेवर बसतो.

मात्र गहाणाच्या येण्यापोटी नुसता पैशाचा हुकूमनामा घेऊन त्याच दरखास्तीत गहाण घर लिलावात काढता येत नाही. आदेश 34, नियम 14 नुसार त्यासाठी गहाणावर विक्रीचा वेगळा दावा लागतो. आडवाट रोखणारी ही तरतूद ऋणकोच्या फार उपयोगी पडते.

बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने न्यायालयाबाहेरचा रस्ता दिला: 60 दिवसांची नोटीस, मग ताबा व लिलाव. शेतजमीन त्यातून वगळली आहे. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात ठरवले. तारणाची केंद्रीय नोंदणी केलेल्या बँकेचे येणे विक्रीकराच्या थकबाकीआधी येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2022 मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात दिला. त्यामागचे कलम 26-ई 24 जानेवारी 2020 पासून अमलात आहे. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीपुढे मात्र 2009 च्या निकालात बँकेकडे तारण असलेली साखरही मागे पडली.

सदरमध्ये नागपूर सुधार प्रन्यासाचे कार्यालय आहे. प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याचा भूखंड तारण असेल, तर लिलावात पट्ट्याचा हक्क तेवढा विकला जातो, जमिनीची मालकी नाही. बोली लावणाऱ्याने पट्ट्याची मुदत, अटी आणि थकलेले भूभाडे आधी तपासावे.