अस्वलाला आळशी कोणी म्हटले?

'स्लॉथ' हा प्राणी आपल्या नातवंडांना कार्टूनच्या सिनेमांमुळे चांगला ओळखीचा झाला आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दाट जंगलात झाडाला उलटा लटकून राहणारा, अगदी संथ हालचालींचा, आठवड्यातून एखाद्या वेळी खाली उतरणारा असा हा प्राणी. भारतात तो कुठेही नाही. पण त्याचे नाव मात्र सव्वादोनशेहून अधिक वर्षे आपल्या एका प्राण्याच्या गळ्यात लटकले आहे. तो प्राणी म्हणजे आपले काळे, झिपरे अस्वल. इंग्रजीत त्याला 'स्लॉथ बेअर' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ आळशी अस्वल!

ही गंमत कशी झाली ते वाचण्यासारखे आहे. १७९१ साली लंडनमध्ये जॉर्ज शॉ नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची लांब, वाकडी नखे आणि वरच्या जबड्यातल्या पुढच्या दोन दातांची रिकामी जागा पाहून त्याला वाटले की हा स्लॉथच्याच गोतातला असणार. म्हणून त्याने नाव ठेवले 'ब्रॅडिपस अर्सिनस', म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ. पुढे मायर या जर्मन शास्त्रज्ञाने १७९३ मध्ये 'मेलर्सस', म्हणजे मधाचे अस्वल, असे नाव दिले. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आले की हे अस्वलच आहे. पण जातीचे नाव आधी ज्याने दिले त्याचा मान राखायचा, हा शास्त्राचा नियम. त्यामुळे आज त्याचे नाव आहे 'मेलर्सस अर्सिनस', म्हणजे 'अस्वलासारखे मधाचे अस्वल'. अस्वलाला अस्वलासारखे म्हणण्याचा हा प्रकार! आणि इंग्रजीतला 'स्लॉथ' चिकटला तो चिकटलाच.

गंमत अशी की, ज्या दातांमुळे हे नाव पडले त्यांचे नसणे हीच या प्राण्याची सोय आहे. वाळवी हे त्याचे आवडते खाणे. नखांनी वारूळ फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटून घ्यायच्या, लांब ओठांची नळी करायची आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. हा ओढण्याचा आवाज रात्री जंगलात शंभर मीटरवरूनही ऐकू येतो म्हणतात. हिवाळ्यात झोपून राहण्याची थंड देशातल्या अस्वलांची चैनही याला नाही. बोरे, जांभळे, उंबरे, टेंभुरणी, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुले असे त्या त्या ऋतूत जे पिकेल ते शोधत बारा महिने हिंडायचे. आई तर पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते. अस्वलांच्या आठ जातींत पिल्लांना असे नेहमी पाठीवर वागवणारी हीच एक. याला आळशी म्हणायचे?

पण लंडनच्या शॉसाहेबाला हसण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. आपले तर हे शेजारी. अकोल्याहून अकोटमार्गे नरनाळ्याला गेले की शहानूरपासून त्याचेच रान सुरू होते. पुढे सगळा मेळघाट, आणि तिकडे बुलढाण्याकडे ज्ञानगंगेचे अभयारण्य. तरी आपण त्याच्याविषयी काय ऐकत आलो? तर अस्वल गुदगुल्या करून माणसाला मारते. अस्वलाचा केस ताईतात घातला की पोर दचकत नाही. आपल्या पुराणांनी अस्वलाला केवढा मान दिला आहे! स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी अठ्ठावीस दिवस झुंजणारा जांबवान आपण गणेशचतुर्थीला आठवतो. पण प्रत्यक्ष अस्वल आपल्याला माहीत होते ते दरवेशाच्या दोरीला बांधलेलेच.

१९६० च्या आसपास आमच्या जुन्या शहरात, अगरवेशीच्या बाजूच्या गल्ल्यांतून दरवेशी यायचा. डमरू वाजला की आम्ही पोरे घरातून धावत सुटायचो. अस्वल मागच्या पायांवर उभे राहायचे, डुलायचे, सलाम करायचे. बायका पैसा-धान्य देऊन लहान मुलांसाठी त्याचे केस मागून घ्यायच्या. आणि रात्री पोर झोपत नसले की घरोघरी एकच धमकी, "निजतं का बोलावू दरवेश्याले?"

ते डुलणे नाच नव्हता, हे फार उशिरा उघडकीस आले. पिल्लू मिळवण्यासाठी बहुधा आईला मारले जाई. मग त्याचे नाक भूल न देता तापल्या सळईने टोचून त्यातून दोर ओवत. दातही पाडत. दोर ओढला की होणाऱ्या वेदनेने ते उभे राही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बेकायदा ठरले, तरी खेळ चालूच राहिला. कारण तो करणाऱ्या कलंदर समाजाकडे दुसरे पोट भरण्याचे साधन नव्हते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने हे नेमके ओळखले. अस्वल सोडून देणाऱ्या कुटुंबाला दुसरा धंदा उभारून दिला, मुलांना शाळेत घातले. सहाशेहून अधिक अस्वले सुटली. त्यांतली पुष्कळशी आग्र्याजवळच्या केंद्रात राहिली, कारण दात आणि सवय गेलेल्या प्राण्याला जंगलात सोडता येत नाही. २००९ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावरचे शेवटचे नाचते अस्वल सुटल्याचे जाहीर झाले. नुसता कायदा सदतीस वर्षांत जे करू शकला नाही, ते भाकरीचा प्रश्न सुटल्यावर झाले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

अस्वल जंगलात काय करते, याचा नेटाने अभ्यास सुरू झाला तोही तसा अलीकडचाच. १९९० च्या दशकात नेपाळच्या चितवनमध्ये आणि त्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पन्ना येथे अस्वलांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांच्या मागावर माणसे फिरली. अस्वल उन्हात कुठे दडते, कोणत्या ऋतूत काय खाते, हे त्यातून कळले. चितवनमध्ये असेही दिसले की पिल्लांची आई रात्रीचे धोके टाळून दिवसा जास्त हिंडते.

आता हे घरच्या गोष्टीशी जोडून पाहा. चैत्रात आपल्याकडे बाया पहाटेच मोहाची फुले वेचायला जातात. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम. म्हणजे ज्या झाडाखाली माणूस वाकलेला, त्याच झाडाखाली अस्वलही खाली मान घालून खाण्यात गुंग. त्याची नजर अधू. वाघाच्या रानात वाढलेला हा प्राणी, अचानक कोणी जवळ आले की पळण्याऐवजी अंगावर येतो. बुलढाणा जिल्ह्यात अशा हल्ल्यांत लोक जखमी झाले आहेत, जीवही गेले आहेत. बहुतेक वार तोंडावर आणि डोक्यावर. 'गुदगुल्या करून मारते' ही समजूत ज्याने हसत हसत पसरवली, त्याने असा चेहरा पाहिला नसावा.

शाळेत शिकवतात ती दोन मित्र आणि अस्वलाची गोष्टही या दृष्टीने तपासावी. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेतो. आपले अस्वल मधासाठी सहज झाडावर चढते, म्हणजे झाडावरच्या मित्राची धडगत नाही! अभ्यासक सांगतात ते असे : जंगलात एकट्याने जाऊ नये, मोठ्याने बोलत, आवाज करत जावे, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होते. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकावी. ते खायला येत नाही, घाबरून येते.

आज जगभर या अस्वलाची गणना धोक्यात असलेल्या प्राण्यांत होते. आपल्या कायद्याने त्याला वाघाच्याच पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. पण वाघाला मिळते त्याच्या दशांशही कौतुक त्याच्या वाट्याला येत नाही. २०२२ पासून १२ ऑक्टोबर हा त्याचा जागतिक दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. खऱ्या स्लॉथचा दिवस त्यानंतर आठच दिवसांनी, २० तारखेला येतो. निदान तारखा तरी वेगळ्या मिळाल्या!

नातेवाइकांना आणि मित्रांना एक विनंती. पुढच्या बुद्धपौर्णिमेला कोणी मेळघाटात मचाणावर गणनेला बसणार असाल, तर वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परत येऊ नका. अस्वल पाणी प्यायला आले का, पाठीवर पिल्ले होती का, किती होती, तेवढे मला जरूर कळवा.