मोटारसायकलच्या पुढील फोर्कची अदलाबदल

पुढील फोर्कची अदलाबदल म्हणजे एका मोटारसायकलचा पुढचा फोर्क काढून त्या जागी दुसऱ्या मॉडेलचा फोर्क बसविणे. गॅरेजच्या बोलीत याला ‘पुढचे शॉकअप बदलणे’ म्हणतात. परंतु फोर्क केवळ धक्के शोषत नाही. चाक धरणे, गाडी वळविणे आणि पुढच्या ब्रेकचा सारा भार सांगाड्यापर्यंत पोहोचविणे ही कामेही त्याचीच आहेत. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ व आर १७ या गाड्यांना तेलाने अवमंदित होणारा दुर्बिणी फोर्क दिला. आजचे बहुतेक फोर्क त्याच तत्त्वावर चालतात.

अदलाबदलीचे परिचित उदाहरण सुझुकी एसव्ही६५० या गाडीचे आहे. १९९९ मध्ये आलेल्या या गाडीचे इंजिन नावाजले गेले, मात्र फोर्क साधा होता. त्याचे अवमंदन बाहेरून कमीजास्त करता येत नसे. त्यामुळे हौशी शर्यतपटू तिला त्याच कंपनीच्या जीएसएक्स-आर मालिकेतील उलटा फोर्क बसवू लागले. उलट्या फोर्कमध्ये जाड नळी वर व सरकणारी बारीक नळी खाली असते.

भूमिती

फोर्क सांगाड्याला स्टीअरिंग स्टेमने जोडलेला असतो. स्टेमची लांबी आणि कोनसेटची मापे जुळली, तर फोर्क ‘बसतो’. पण तो बसणे आणि गाडी नीट चालणे या भिन्न गोष्टी आहेत. स्टीअरिंगचा तिरपा अक्ष खाली वाढविल्यास तो जमिनीला चाकाच्या स्पर्शबिंदूच्या पुढे मिळतो. या दोन बिंदूंमधील अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात. चाक सरळ राहण्याची प्रवृत्ती मुख्यतः त्यामुळे येते.

चाकाची त्रिज्या ३०० मिमी, अक्षाचा उभ्या रेषेशी कोन २५ अंश आणि फोर्कच्या नळ्या अक्षापासून ३५ मिमी पुढे असल्यास ट्रेल सुमारे १०१ मिमी येतो. हेच पुढे असलेले अंतर २५ मिमी केले, तर ट्रेल सुमारे ११२ मिमी होतो. अंतर घटले की ट्रेल वाढतो, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते आणि येथेच अनेकांचा गोंधळ होतो. फोर्कच्या लांबीचाही परिणाम होतो. चाकांमधील अंतर १४०० मिमी असेल आणि पुढची बाजू २५ मिमी खाली आली, तर कोन सुमारे १ अंशाने घटतो. त्यासोबत ट्रेलही कमी होतो. गाडी चटकन वळते, पण वेगात हँडल चंचल होते.

इतर जुळणी

फोर्कसोबत सहसा त्याच गाडीचे चाक, आस, डिस्क व कॅलिपर घ्यावे लागतात. कॅलिपरच्या पिस्टनांचे क्षेत्रफळ वाढले आणि मास्टर सिलिंडर जुनाच राहिला, तर ब्रेकची मूठ अधिक आत येते. एबीएस असल्यास चाकावरील दातेरी कड्याच्या दात्यांची संख्याही जुळावी लागते. स्प्रिंग मूळ गाडीच्या वजनानुसार असते, म्हणून तीही तपासावी लागते.

सर्वांत धोक्याची चूक मात्र साधी असते. हँडल पूर्ण वळल्यावर ते अडविणारा खुंट जुळला नाही, तर नळी टाकीवर आदळते किंवा चालकाचा अंगठा चिरडतो. म्हणून स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबतात आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर, रेडिएटर व टाकी मोकळी राहतात का, हे पाहतात.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल, काही अपवाद वगळता, करता येत नाही.