बोलिंगमध्ये स्कोअर घसरलाय? खेळ सोडण्याआधी स्पेअरचं गणित बघा

आधी १४०-१५० सहज व्हायचे, आता शंभरी गाठतानाही दमछाक होते. असे तीन-चार वीकेंड गेले की बोलिंग अ‍ॅलीत पाऊल टाकायचीच इच्छा उरत नाही. टेनपिन बोलिंगचा छंद बऱ्याचदा इथेच सुटतो आणि त्यासोबत मित्रांची हक्काची भेटही. पण स्कोअर कुठे गळतोय हे कळलं, तर तो सावरता येतो. कसा? जाणून घेऊया.

स्ट्राइकपेक्षा स्पेअर का महत्त्वाचा?

एका गेममध्ये १० फ्रेम असतात. पहिल्या बॉलला दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक, उरलेल्या दुसऱ्या बॉलला पडल्या तर स्पेअर. स्पेअरला १० गुण मिळतात, शिवाय पुढच्या बॉलचे गुणही त्यात जमा होतात.

आता दोन खेळाडू घ्या. दोघेही दरवेळी पहिल्या बॉलला ९ पिना पाडतात. एकाची उरलेली पिन प्रत्येक वेळी हुकते, त्याचा स्कोअर ९०. दुसरा ती पिन दरवेळी पाडतो आणि शेवटच्या जादा बॉललाही ९ घेतो, त्याचा स्कोअर १९०! एकही स्ट्राइक नाही, तरी १०० गुणांचा फरक.

दोष नेहमी तुमचाच नसतो

फाउल लाइनपासून पहिली पिन ६० फुटांवर असते. लेनच्या सुरुवातीच्या बऱ्याच भागावर तेलाचा पातळ थर असतो. गेम होत जातात तसा तो थर हलतो, विरतो. त्यामुळे तोच थ्रो तासाभराने वेगळा वळू शकतो. बॉल डावीकडे जातोय? मग लक्ष्य तेच ठेवून उभं राहायची जागा थोडी डावीकडे सरकवा. उजवीकडे जात असेल तर उजवीकडे.

हे करून बघा

• पिनांऐवजी लेनवरच्या बाणांवर नजर ठेवा. ते बरेच जवळ असतात, त्यामुळे नेम धरणं सोपं जातं.
• महिनाभर स्कोअरऐवजी स्पेअर मोजा. दहा संधींपैकी किती साधल्या, एवढंच मोबाइलमध्ये टिपा.
• एका वेळी एकच गोष्ट बदला. पावलं, पकड आणि बॉल एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कळणार नाही.
• एका गेमवरून निष्कर्ष काढू नका. शेवटच्या १०-१५ गेमची सरासरी पाहा.
• मनगट किंवा अंगठा दुखत असेल तर विश्रांती घ्या, परतताना हलका बॉल निवडा.
• अधूनमधून स्कोअर न मोजता खेळा किंवा जोड्या पाडून खेळा.

स्ट्राइक कधी लागेल हे पूर्णपणे आपल्या हातात नसतं. एकट्या उरलेल्या पिनेचा सराव मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या वीकेंडला तिथूनच सुरुवात करा.