जुना स्कोप, नवा प्रिंटर आणि इंदापूरकडच्या दूध केंद्रातली पावती

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पेपरच्या परीक्षकांनी एक साधी मागणी केली: आकृती ४ ची मूळ नोंद दाखवा. मूळ नोंद म्हणजे बारामतीतल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या डिजिटल ऑसिलोस्कोपने थर्मल कागदावर छापलेली पट्टी. फाईल काढली, प्लास्टिकचं कव्हर उघडलं, तर कागद जवळजवळ कोरा. थर्मल कागदावर शाई नसतेच. उष्णता लागली की काळा पडणारा एक थर असतो. ऊन, गरम पत्र्याचं कपाट आणि प्लास्टिकमधली रसायनं मिळून तो थर पुसट करतात. मोजमाप झालं होतं, पुरावा मात्र उरला नव्हता.

प्रयोग पुन्हा करायचं ठरलं. स्कोप चालू होता, पण त्याचा थर्मल प्रिंटर बंद पडलेला. मागे दोन पोर्ट होते, एक पॅरलल आणि एक सीरियल. टेबलावर नवा यूएसबी लेझर प्रिंटर होता. मी बाजारातून यूएसबी-पॅरलल केबल आणली, जोडली, बटण दाबलं. काहीच नाही. सर म्हणाले, "केबल बदलण्याआधी हे शोध, की हा स्कोप तयार झाला तेव्हा त्याच्या समोर कोण बसलेलं असेल असं त्याला वाटत होतं." हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा कमी आणि इतिहासाचा जास्त निघाला.

तर थोडा इतिहास. आरएस-२३२ हे सीरियल जोडणीचं मानक १९६० चं. एका तारेवरून एकामागून एक बिट जातात. दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यायचा, उदाहरणार्थ सेकंदाला ९६०० बिट. वेग जुळला नाही की कागदावर नुसता कचरा येतो. १९७० मध्ये सेंट्रॉनिक्स कंपनीचा मॉडेल १०१ प्रिंटर आला आणि त्याची पॅरलल जोडणी पुढे सगळ्यांनी उचलली. यात आठ तारांवर एक अक्षर एकदम ठेवायचं, स्ट्रोब नावाच्या तारेवर टिचकी मारायची, म्हणजे 'घे' असं सांगायचं. प्रिंटर बिझी तारेवरून 'थांब' म्हणतो आणि अक्नॉलेज तारेवरून 'घेतलं' म्हणतो. मानक म्हणून यावर आयईईई १२८४ ची मोहोर उमटली ती थेट १९९४ मध्ये.

मोजमापाच्या जगात तिसरा रस्ता होता. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या उपकरणांसाठी एक बस तयार केली आणि १९७५ मध्ये ती आयईईई ४८८ हे मानक झाली. प्रयोगशाळेत आपण तिला जीपीआयबी म्हणतो. एका बसवर १५ उपकरणं बसतात आणि प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते: बोलणारा, ऐकणारा, नियंत्रक. गंमत म्हणजे नियंत्रक नसला तरी चालतं. उपकरणाला 'फक्त बोल' आणि प्लॉटरला 'फक्त ऐक' असं लावून ठेवलं की आलेख निघतो. मध्ये संगणक नाही.

पण तार जुळणं ही अर्धीच गोष्ट. भाषाही जुळावी लागते. प्लॉटरची भाषा एचपीजीएल: पेन उचल, अमुक ठिकाणी जा, पेन टेकव. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्सची वेगळी, लेझरजेटची आणखी वेगळी. १९८० च्या एमएक्स-८० पासून एप्सनची भाषा पसरली, तर १९८४ च्या थिंकजेट आणि लेझरजेटपासून पीसीएल. म्हणूनच जुन्या स्कोपच्या मेनूत 'एप्सन', 'थिंकजेट', 'लेझरजेट' अशी नावं दिसतात. ती जाहिरात नाही. समोर कोण आहे, हे उपकरण तुम्हाला विचारतंय.

१९९६ मध्ये यूएसबी आलं आणि नातं बदललं. यूएसबीत कोण कधी बोलणार हे फक्त होस्ट ठरवतो, आणि होस्ट म्हणजे बहुतेक वेळा संगणक. प्रिंटर स्वतःहून काही ऐकत बसत नाही. मी आणलेल्या केबलमधली चिप संगणकाकडून जुन्या प्रिंटरकडे मजकूर नेण्यासाठी असते. जुन्या उपकरणाकडून नव्या प्रिंटरकडे ती नेत नाही. त्यात स्वस्त लेझर प्रिंटरांनी आपली भाषाच सोडून दिली. अक्षरं कशी दिसावीत हे संगणकातला ड्रायव्हर ठरवतो आणि तयार चित्र पाठवतो. आमचा स्कोप बोलत होता, पण खोलीत ऐकणारं कुणी नव्हतं.

हे सगळं वाचून समजलं, पण पटलं ते इंदापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी. सकाळी मामांबरोबर दूध घालायला गेलो. केंद्रावरच्या अल्ट्रासोनिक विश्लेषकाने नमुना ओढला, आणि शेजारच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने खडखड करत पावती काढली: फॅट, एसएनएफ. संगणक नाही. मी प्रिंटरकडे बघत बसलो तसे सचिव म्हणाले, "मशीन सांगतं तेच हा छापतो. मधी कुणी नाय."

विश्लेषक साधी अक्षरं आणि आकडे पाठवतो. प्रिंटरच्या पोटात स्वतःचे ठसे असतात, त्यामुळे आलेलं अक्षर तो तसंच उमटवतो. गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. म्हणजे ती पावती मामांच्या पैशांचा पुरावा. आपल्याकडे दूध केंद्रांवर आणि वजनकाट्यांवर डॉट मॅट्रिक्स अजून का टिकलाय, याचं एक कारण इथे आहे. रिबन स्वस्त, कार्बन प्रत निघते, हे खरंच. पण मोजणारा आणि छापणारा एकमेकांशी थेट बोलतात, हेही तितकंच खरं.

केंद्रावर एक जुना डॉट मॅट्रिक्स बाजूला ठेवलेला होता. सचिवांना विचारून तो आठवडाभरासाठी बारामतीला आणला. स्कोपच्या मेनूत 'एप्सन' निवडलं, पॅरलल केबल लावली, बटण दाबलं. लहर कागदावर आली. म्हणजे स्कोपचा पोर्ट शाबूत होता आणि दोष आमच्या समजुतीत होता.

मग कायमची सोय केली. ५ व्होल्टवर चालणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला आणि त्याला प्रिंटरचं सोंग दिलं. स्ट्रोब खाली आला की आठ तारा वाचायच्या, तोवर बिझी वर ठेवायचा, वाचलेला बाइट यूएसबीवरून संगणकाला द्यायचा, मग अक्नॉलेज. स्कोपला वाटतं समोर लेझरजेट आहे. संगणकावर ते बाइट जसेच्या तसे फाईलमध्ये साठतात, घोस्टपीसीएल हा प्रोग्राम त्यांची पीडीएफ करतो, आणि ती कुठल्याही नव्या प्रिंटरवर निघते. एक सावधगिरी: हाच बोर्ड सीरियल पोर्टला थेट जोडू नका. आरएस-२३२ मध्ये अधिक आणि उणे असे मोठे व्होल्टेज असतात, बोर्ड जळेल. मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप लागते.

छापील लहर बघताना सरांनी दुसरा प्रश्न विचारला: "हे चित्र आहे की मोजमाप?" चित्रच होतं. स्कोपचा कन्व्हर्टर ८ बिटांचा, म्हणजे उंचीच्या २५६ पायऱ्या. छापताना त्यातलं बरंच पडद्याच्या ठिपक्यांत हरवतं. तीच लहर सीरियल पोर्टवरून आकड्यांच्या रूपात मागितली तेव्हा प्रत्येक बिंदूचं मूल्य मिळालं, सोबत व्होल्ट आणि वेळेचं प्रमाणही. परीक्षकांना शेवटी आम्ही ही आकड्यांची फाईल पाठवली, पीडीएफ नुसती सोबत जोडली.

तुम्ही संशोधनाला सुरुवात करत असाल तर प्रयोगशाळेत असं एखादं म्हातारं उपकरण तुमच्याही वाट्याला येईलच. ते भंगार समजू नका आणि घाईने केबलही विकत घेऊ नका. आधी मॅन्युअल काढा. मागचे पोर्ट बघा, छपाईच्या मेनूतली नावं लिहून घ्या. त्यावरून उपकरण कुठल्या काळातलं आहे आणि कुणाशी बोलायला बनवलंय हे कळेल. मग ठरवा, तुम्हाला चित्र हवंय की आकडे. उपकरणाकडून आलेली पहिली, न बदललेली फाईल तारीख घालून दोन ठिकाणी ठेवा. जुन्या स्कोपचं घड्याळ चुकलेलं असतं, म्हणून तारीख स्वतःच्या वहीतही लिहा. आणि थर्मल पट्टी हातात असेल तर आजच तिचा फोटो काढा.

प्रिंटर मी ठरल्याप्रमाणे परत केला. सचिवांनी विचारलं, "काय छापलंस रे त्याच्यावर?" मी म्हटलं, "पावतीच, फक्त दुधाची नाही."