‘तेव्हा वय होतं’ : लांब पल्ल्याची सायकल आणि आपलं उतारवय



आपल्या बडोद्याच्या मराठी घरांमध्ये सायकलचा विषय निघाला की जुनी मंडळी खुलतात. कुणाची हंबर होती, कुणाची रॅले, कुणाची बीएसए. कोठीच्या कचेरीत जाणारे कारकून, युनिव्हर्सिटीतले मास्तर, अलेम्बिकमधले कामगार, सगळे सायकलवर. कुणी सुट्टीच्या दिवशी डभोईला जाऊन हिरा भागोळ बघून दुपारच्या जेवणाला घरी परत, तर कुणी पहाटे निघून पावागडच्या पायथ्याशी. आणि गोष्ट संपते ती ठरलेल्या वाक्यावर : ‘‘तेव्हा वय होतं हो!’’

आज या ‘वय होतं’बद्दलच लिहितोय. कारण लांब पल्ल्याच्या सायकलचा इतिहास वाचत गेलं की एक गोष्ट फार ठळक दिसते. वेगाची सायकल तरुणांची असेल, पण लांबची सायकल बऱ्याच अंशी पिकल्या केसांच्या माणसांनी घडवलेली आहे. तिचे नियम, तिचे गिअर, तिचं खाणंपिणं, सगळ्यावर त्यांचा हात आहे.

सुरुवात फ्रान्समधल्या सेंत-एतियेन गावापासून करू. तिथे पॉल द विवी नावाचा एक रेशमाचा व्यापारी होता. जन्म १८५३चा. तिशीच्या आसपास सायकलच्या नादाला लागला, पुढे रेशीम सोडून सायकलीच्याच धंद्यात शिरला आणि १८८७मध्ये त्यानं सायकलवरचं मासिक काढलं. लिहायचा ‘वेलोसियो’ या टोपणनावानं. लोक त्याला त्याच नावानं ओळखू लागले. गृहस्थ शाकाहारी, साधा, पहाटे उठणारा. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मास्तरांसारखाच म्हणा ना.

त्यानं सायकलस्वारांसाठी सात नियम घालून दिले. त्यांचा भावार्थ असा : थांबायचं ते थोडं आणि क्वचित. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. इतकं दमायचं नाही की रात्री जेवण जाणार नाही आणि झोप येणार नाही. थंडी वाजायच्या आधी अंगावर घ्यायचं, उकडायच्या आधी काढायचं. वाटेत दारू, मांस, तंबाखू नाही. अंगात ताकद शिल्लक असतानाही जोर करायचा नाही, विशेषतः पहिल्या काही तासांत. आणि शेवटचा, नुसत्या मिरवण्यासाठी पायडल मारायचं नाही.

हे नियम नीट बघा. विशीतल्या पोराला यातला एकही नियम मोडून चालतो. शरीर सगळं झाकून घेतं. साठीनंतर यातला प्रत्येक नियम वसुली करतो. उदाहरणार्थ तहान. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते, शरीराला पाणी हवं असतं पण घसा सांगत नाही. म्हणजे ‘तहान लागायच्या आधी प्या’ हे वेलोसियोचं सांगणं आज डॉक्टर म्हाताऱ्या माणसांना सांगतात तेच आहे. स्वतः वेलोसियो सत्तरी उलटल्यावरही सायकल चालवत होता. १९३०मध्ये तो गेला तो आजारपणानं नाही. सायकल हातात धरून रस्ता ओलांडताना ट्रामची धडक बसली.

याच माणसानं गिअरसाठी आयुष्यभर भांडण मांडलं. तेव्हा सायकलला एकच दात्याचं चाक असायचं. चढ आला की उभं राहून दाबा, नाहीतर उतरून ढकला. वेलोसियो म्हणायचा, चढाला हलका गिअर, सपाटीला जड गिअर, त्यात लाज कसली? पण तूर द फ्रान्स शर्यत सुरू करणारा आँरी देग्रांज याच्या सक्त विरोधात होता. १९०२मध्ये त्यानं लिहिलं की गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, खऱ्या मर्दानं स्वतःच्या स्नायूंवर जिंकावं. त्याच्या शर्यतीत साखळी बदलणारे गिअर वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली! देग्रांजनं हे टोमणा म्हणून लिहिलं, पण गंमत अशी की जगातल्या पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांचं काम त्या गिअरनंच सोपं केलं. आज आपल्यातले किती जण ‘गिअरची सायकल म्हणजे पोरांचं खेळणं’ म्हणून नाक मुरडतात. पावागडला माचीपर्यंतचा चढ गुडघे न दुखवता चढायचा असेल तर पुढचं चाक लहान आणि मागचं मोठं हवं, हे साधं गणित आहे.

आता दुसरी गोष्ट, ब्रेव्हेची. पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्तला जाऊन परत पॅरिसला यायचं, साधारण १२०० किलोमीटर. १८९१मध्ये हे पहिल्यांदा झालं तेव्हा ती शर्यत होती आणि शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला. पुढे शर्यत मागे पडली आणि उरली ती ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची फेरी. आता ती चार वर्षांनी एकदा होते, कमाल मुदत ९० तास, आणि पहिला-दुसरा नंबर असतच नाही. तिथे जायचं तर आधी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. मुदत अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास. आपल्याकडेही अशा ब्रेव्हे होतात आणि त्यात साठीची माणसं बघायला मिळतात.

यातली गोम लक्षात घ्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत म्हणजे ताशी पंधराच्याही आत, तेही चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून. हा वेग आपल्या आजोबांच्या रॅलेचाच आहे. इथे कामी येतो तो एकसारखेपणा, पोट सांभाळणं, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरला तरुणांच्या मागे न लागण्याचा शहाणपणा. हे शहाणपण वयानंच येतं.

आणि आता रोबेर मारशाँ. १९११मध्ये फ्रान्समधल्या आमिएँ गावी जन्मलेला, जेमतेम पाच फूट उंचीचा माणूस. पॅरिसमध्ये आगीच्या बंबावर नोकरी केली, व्हेनेझुएलात ट्रक चालवले, कॅनडात लाकूडतोड केली. तरुणपणी सायकल चालवायचा, मग पोटापाण्याच्या मागे ती सुटली. पुन्हा नेमानं हातात घेतली तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे आपल्यातले बरेच जण जेव्हा देवघरातला पाट बदलून खुर्ची आणतात, त्या वयात.

२०१२मध्ये, शंभरीत, त्यानं एका तासात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली. दोन वर्षांनी, १०२व्या वर्षी, त्याच एका तासात २६.९२७ किलोमीटर. वाढलं, कमी झालं नाही! मधल्या काळात वेरोनिक बिया नावाच्या फ्रेंच संशोधक बाईंनी त्याच्यावर अभ्यास केला होता. वर्षाला सुमारे ५००० किलोमीटर, म्हणजे आठवड्याला शंभरच्या आतबाहेर. त्यातलं ८० टक्के निवांत, गप्पा मारता येतील अशा गतीनं, आणि २० टक्के दम लागेल असं. १०१ ते १०३ वयाच्या दरम्यान त्याची ऑक्सिजन वापरायची क्षमता १३ टक्क्यांनी वाढली, पायडलवरची ताकद ९० वॉटवरून १२५वर गेली. पुढे २०१७मध्ये १०५व्या वर्षी तो पुन्हा तासाभरासाठी ट्रॅकवर उतरला आणि २२.५४७ किलोमीटर गेला. २०२१मध्ये वारला, वय १०९.

मारशाँ हा अपवाद होता, आपण सगळे काही मारशाँ होणार नाही. पण त्याच्या आकड्यांतून एक साधी गोष्ट कळते. नुसतं रमतगमत चालवून भागत नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा थोडं धापा टाकायला लावणारंही हवं. आणि तेवढंच करूनही भागत नाही, बाकीचं हळू हवं. आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो. रोज मध्यम जोर, ना हळू ना जोरात, आणि मग तीन महिन्यांत कंटाळा.

अपवाद नसलेल्या माणसांचं काय? लंडन आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलस्वार तपासले. अट अशी की पुरुषांना १०० किलोमीटर साडेसहा तासांत आणि बायकांना ६० किलोमीटर साडेपाच तासांत जमलं पाहिजे. २०१८मध्ये निष्कर्ष छापून आले. या लोकांत वयाबरोबर स्नायू आणि ताकद कमी होताना दिसली नाही, चरबी आणि कोलेस्टेरॉल वाढताना दिसलं नाही. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी, जी वयानुसार सुकत जाते आणि रोगप्रतिकारासाठी महत्त्वाची असते, तीही तरुणांच्या बरोबरीनं काम करताना आढळली. त्या संशोधकांपैकी एक, नॉर्मन लझारस, स्वतः ऐंशी ओलांडलेले सायकलस्वार होते! आता हेही खरं की जे धडधाकट असतात तेच सायकल चालवत राहतात, त्यामुळे सगळं श्रेय सायकललाच देता येणार नाही. तरी आपण ‘वयच झालं’ म्हणून ज्याला म्हणतो, त्यातला मोठा वाटा वयाचा नसून बसून राहण्याचा असतो, एवढं यातून कळतं.

पण सायकल सगळं देत नाही, हेही सांगायला हवं. सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं, हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे हाडं मजबूत होण्याला ती फारशी मदत करत नाही. वरचं अंग, पाठ, दंड, मनगट, यांना काम कमी. तोल आणि लवचिकपणाही वेगळा कमवावा लागतो. लांब चालवून मान आणि कंबर धरते ती त्यामुळेच.

आणि इथे मला आपल्या बडोद्याची आठवण येते. दांडिया बाजारातला जुम्मादादांचा आखाडा, पुढे प्रो. माणिकरावांनी नावारूपाला आणलेलं जुम्मादादा व्यायाममंदिर. मुसलमान उस्ताद आणि त्यांचा मराठी शिष्य. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी, आणि हाड मोडलं तर तेही तिथेच बसवून घ्यायचं. याच गावात दत्तो चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत काढला. तिकडे औंधचे पंतप्रतिनिधी, १८६८मध्ये जन्मलेले, म्हातारपणीसुद्धा सूर्यनमस्कार घालत आणि प्रजेला घालायला लावत. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला दोन्ही मिळत होतं. जाण्यायेण्याला सायकल, सकाळी आखाडा किंवा अंगणात बारा नमस्कार. त्यांनी त्याला फिटनेस म्हटलं नाही, पण जोडी अगदी बरोबर होती. सायकल दम देते, बैठका आणि नमस्कार हाडांना, पाठीला, मनगटांना भार देतात.

आपल्या पिढीनं मात्र पंचेचाळिशीच्या आत दोन्ही सोडलं. स्कूटर आली, आखाडा पोरांचा झाला. आता वाड्याच्या जागी फ्लॅट आहेत, पोरं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर न्यू जर्सीला. घरात राहिलो आपण दोघं. अशा वेळी पाय चालतात की नाही, जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं की नाही, हा शोभेचा प्रश्न राहत नाही. भाजी कोण आणणार, रात्री अडीअडचणीला जिना कोण उतरणार, हा तो प्रश्न आहे.

म्हणून ज्यांना पुन्हा सुरू करायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी.

आधी डॉक्टर. बीपीची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हातल्या लांब फेरीबद्दल त्यांना स्पष्ट विचारा. चालवताना छातीत दाब, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथेच थांबायचं, ‘आलंच आता घर’ म्हणायचं नाही.

सुरुवात दहा किलोमीटरपासून, एक दिवसाआड. दर आठवड्याला थोडंच वाढवा. विशीत एका रात्रीत भरून निघायचं ते आता दोन दिवस घेतं, तेवढे दिवस त्याला द्या. डभोईपर्यंत जाऊन परत म्हणजे साठेक किलोमीटर, रस्ता सपाट. तो सहज झाला की मग पावागडचा विचार.

सीटची उंची नीट करून घ्या. पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असली की गुडघे दुखतात आणि दोष वयाला जातो. हँडल थोडं वर घ्या, मान वाचेल.

आणि खाणं. आपल्याकडे रविवारी सायकल चालवून थेट सेव-उसळीवर ताव मारायची पद्धत आहे, मारा, पण वाटेत दर पाऊण तासाला काहीतरी पोटात जाऊ द्या. केळं, गूळ-शेंगदाणे, भाखरी. पाण्यात मीठ, साखर, लिंबू. घरी डाळ, दही, पनीर रोजच्या जेवणात वाढवा, स्नायू टिकायला ते लागतं. चैत्र-वैशाखात तर सूर्य वर यायच्या आत परत घरी.

आठवड्यातून दोनदा बैठका आणि नमस्कार. पाचापासून सुरू करा, भिंतीचा आधार घेऊन चालेल.

मंडळी, आपल्यात अजून कुणाकडे जुन्या सायकलींचे, आखाड्याचे, पावागडच्या सहलींचे फोटो असतील तर जरूर टाका, साल आणि पोळ किंवा वाडा आठवत असेल तर लिहा. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावच्या मंडळींनीही आपापल्या गावच्या आठवणी सांगाव्यात. आणि साठीनंतरही जे चालवतायत, त्यांनी आठवड्याला किती किलोमीटर होतात ते बिनधास्त लिहा. मिरवणं समजणार नाही आम्ही. वेलोसियोचा सातवा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवू.